डॅशबोर्डखालचा थर्मामीटर: चौदा महिने वापरलेल्या ओबीडी स्कॅनरबद्दल

इंजिनाचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मी नाइट ड्युटी संपवून घरी निघाले होते. गाडी नेहमीसारखीच चालत होती. आवाज नाही, धूर नाही, फक्त सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा जरा खालीवर होत होता. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दिली. त्यांनी यंत्र लावलं, 'ओटू सेन्सर गेलाय' म्हणाले, सेन्सर बदलला आणि दिवा गेला. नवव्या दिवशी तो परत आला. पुन्हा गेले, तर आता दुसराही सेन्सर बदलू म्हणाले.

मी बावीस वर्षं वॉर्डात काम करते. रुग्णाचा ताप उतरून पुन्हा चढला, तर आम्ही थर्मामीटर बदलत नाही, ताप कशाचा आहे ते शोधतो. त्या दिवशी मी गाडी तशीच परत आणली आणि निदान आकडे तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असं ठरवलं. त्यातून हा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने ओळखलेले बिघाड आणि आकडे वाचणारं यंत्र, घेतला गेला. आज चौदा महिने झाले. माझी गाडी सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, हाताने गिअर टाकायची, ७८ हजार किलोमीटर झालेली. इंजिनिअरिंगचं शिक्षण माझ्याकडे नाही, त्यामुळे हे सगळं रोज गाडी चालवणाऱ्या माणसाच्या बाजूने वाचा.

वस्तू काडेपेटीएवढी आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ती बसते आणि ब्लूटूथने मोबाइलवरच्या अ‍ॅपशी बोलते. माझ्या गाडीत हे सॉकेट फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे लपलेलं आहे, ते शोधायलाच पहिल्या दिवशी दहा मिनिटं गेली. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारला हे सॉकेट सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना २००४ पासून. सक्ती झाली ती प्रदूषण रोखण्यासाठी. धूर वाढेल असा कोणताही बिघाड गाडीने स्वतः ओळखावा आणि कुणालाही साध्या यंत्राने वाचता यावा, एवढाच हेतू होता. हे ध्यानात ठेवलं की हा स्कॅनर कशाबद्दल भरभरून बोलतो आणि कशाबद्दल तोंड उघडत नाही ते आपोआप कळतं.

आता माझ्या दिव्याची गोष्ट. बिघाडाचा कोड निघाला पी०१७१. अर्थ असा की मिश्रण पातळ आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोल इंजिनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. जळून गेलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते ओटू सेन्सर मोजतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल थोडं वाढवतो किंवा कमी करतो. ही जी दुरुस्ती तो सतत करत असतो तिला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत दिसते. शून्याच्या आसपास असेल तर उत्तम, अधिक-उणे १० च्या आत असेल तर सहसा चिंता नाही. माझ्या गाडीचा लाँग टर्म ट्रिम, म्हणजे बऱ्याच काळाची मिळून झालेली दुरुस्ती, उभ्या गाडीत अधिक १८ होता. म्हणजे कॉम्प्युटर बिचारा नेहमीपेक्षा १८ टक्के जास्त पेट्रोल ओतून कशीबशी तोंडमिळवणी करत होता.

खरी गंमत पुढे आहे आणि माझ्या मते हा स्कॅनर घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. अ‍ॅक्सिलरेटर दाबून मी आरपीएम २५०० वर धरला आणि तोच आकडा हळूहळू अधिक ६ वर आला. उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो, आत जोराची ओढ असते आणि एखाद्या पाइपला चीर असली तर तिथून खेचली जाणारी हवा एकूण हवेच्या मानाने खूप ठरते. आरपीएम वाढला की मुख्य वाटेनेच इतकी हवा येते की चिरेतली हवा किरकोळ होते. त्यामुळे उभ्या गाडीत ट्रिम जास्त आणि वेगात कमी असेल, तर कुठून तरी हवा चोरून आत शिरतेय. याच्या उलट, इंजिनावर ओझं पडल्यावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय का ते बघायचं. एकच कोड, पण दोन अगदी वेगळे आजार, आणि फरक कळतो तो या दोन आकड्यांनी. गॅरेजच्या यंत्रातही हे आकडे होतेच. तिथे ते कुणी उघडून पाहिले नव्हते.

मग गाडी चालू ठेवून इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या, पाइपांवर साबणाचं पाणी थोडं थोडं फवारलं, फिरत्या पट्ट्यापासून आणि वायरिंगच्या जोडांपासून हात लांब ठेवून. काहीजण यासाठी पेटणारा क्लीनर मारतात. गरम इंजिनावर ते धोक्याचं आहे, मी ते कधी करणार नाही. बोटाएवढा एक रबरी वाकडा पाइप होता, त्याच्या खालच्या अंगाला पाणी लागलं आणि इंजिनाचा सूर बदलला. पाइप काढून वाकवला तेव्हा चीर दिसली, सरळ धरला की दिसेनाशी व्हायची. पाइप बदलला, आठवड्याभरात ट्रिम अधिक ३ वर येऊन स्थिरावला आणि दिवा आजतागायत परत आलेला नाही. जुना सेन्सर खरं तेच सांगत होता. नवाही तेच बोलला, कारण हवा खरंच जास्त येत होती.

यातून उत्पादनाबद्दलची माझी पहिली तक्रार. कोडखाली अ‍ॅप 'संभाव्य कारण' म्हणून सुट्या भागांची यादी देतं आणि त्या यादीत सेन्सर सगळ्यात वर असतो. नवख्या माणसाला वाटणार की यंत्रानेच भाग बदलायला सांगितलं. कोड फक्त एवढं सांगतो की अमुक मोजमाप मर्यादेबाहेर गेलं. पी०४२० आला की लोक थेट धूर स्वच्छ करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलतात. सायलेन्सरच्या जोडात गळती असली तरी तो कोड येऊ शकतो. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ती यादी काढून टाकावी किंवा निदान 'आधी हे तपासा' अशी करावी, असं मी त्यांना दोनदा लिहिलं आहे.

हा माझा पहिला स्कॅनर नव्हे, हेही सांगायला हवं. आधी एक अगदी साधा घेतला होता. ईएलएम ३२७ ही मुळात एका कॅनेडियन कंपनीची चिप. तिच्या नकला इतक्या झाल्या की आता खोक्यावर ते नाव असणं म्हणजे काहीच हमी नाही. तो पहिला दर चार मिनिटांनी मोबाइलशी संबंध तोडायचा आणि गाडी बंद असतानाही कोमट लागायचा. त्या कोमटपणाकडे मी दुर्लक्ष केलं. रजेवर गेले तेव्हा तो सॉकेटमध्येच राहिला आणि १९ दिवसांनी परत आले तर सेल्फ मारल्यावर नुसती टकटक.

सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीला जोडलेली असते, किल्ली काढली तरी तिथे वीज असतेच. नंतर मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र) लावून मोजलं तर तो स्कॅनर ४८ मिलिअँपिअर खात होता. आकडा लहान वाटतो, पण १९ दिवसांत तो जवळजवळ २२ अँपिअर-तास होतो. गाडी स्वतःही झोपेत घड्याळ, लॉक यांच्यासाठी थोडा करंट घेते, माझी २५ मिलिअँपिअर घेते, म्हणजे तेवढ्याच दिवसांत आणखी ११. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तेहतीस तिथेच गेले. आताचा स्कॅनर गाडी बंद झाल्यावर अर्ध्या तासाने झोपतो आणि ३ मिलिअँपिअरवर येतो, हे मी मोजून खात्री करून घेतली. तरीही दोन दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर मी तो काढून ठेवते. घेताना आपोआप झोपण्याची सोय आहे का ते आधी विचारा, बाकी सगळं नंतर. आणि आयफोन असेल तर जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचा स्कॅनर त्याच्याशी सहसा जोडला जात नाही, त्याला लो एनर्जी ब्लूटूथ किंवा वायफायचा लागतो. आमच्या वॉर्डातल्या एका मुलीने हे न बघता घेतला आणि परत केला.

बॅटरीचा विषय निघालाच आहे, तर जरा थांबते, कारण गाडी सुरू न होणं हे सगळ्यांत जास्त वेळा घडतं आणि तिथे स्कॅनरपेक्षा साधा मल्टिमीटर मोलाचा आहे. रात्रभर उभ्या गाडीची चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तिथे १२.३ दिसत असतील आणि उतरत असतील तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ती भरत नाही, नवी बॅटरी टाकली तरी तीही बसणार. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमीजास्त करतो, म्हणून एकदाच बघून निकाल देऊ नका, दिवे आणि एसी लावून पुन्हा बघा. स्कॅनरही व्होल्टेज दाखवतो, पण तो सॉकेटपाशी मोजतो. माझ्याकडे तो बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा नेहमी ०.२ ने कमी येतो.

आवाजही ऐका. सेल्फ मारल्यावर भराभर टकटकटक झाली तर सहसा बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच दणकट 'टक्' आणि पुढे काही नाही, दिवेही मंद होत नाहीत, तर स्टार्टर किंवा त्याच्या जोडाकडे बघा. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल किंवा ठिणगी पोचत नाहीये.

गेल्या हिवाळ्यात माझी गाडी पहाटे जड फिरायची. बॅटरी १२.६, चार्जिंग १४.२, सगळं छान. मग मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर ठेवली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितला. एका सेंटिमीटरच्या त्या अंतरात १.१ व्होल्ट गळत होते. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. क्लॅम्पच्या आत पांढरट थर होता. आधी निगेटिव्ह काढली, मग पॉझिटिव्ह, सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन कोरडं केलं, तारेच्या ब्रशने घासलं, आधी पॉझिटिव्ह लावली, शेवटी निगेटिव्ह. ही क्रमवारी पाळायचीच, कारण निगेटिव्ह आधी काढली की पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. त्या सकाळी स्कॅनरमध्ये एकही कोड नव्हता.

तापमानाच्या बाबतीत मात्र या स्कॅनरने मला मोठ्या खर्चातून वाचवलं. गाडीतल्या तापमानाच्या काट्यावर माझा पूर्ण विश्वास होता. तो नेहमी मध्यावर. स्कॅनर लावल्यावर कळलं की कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) ८० अंश असो की १०४, काटा मध्यावरून हलतच नाही. अनेक गाड्यांत तो मुद्दाम तसाच ठेवलेला असतो, चालकाने उगाच घाबरू नये म्हणून. एका संध्याकाळी गर्दीत अडकले असताना अ‍ॅपमध्ये १०१, १०५, १०९ असं चढताना दिसलं. माझ्या वहीत याच गाडीचा गर्दीतला नेहमीचा आकडा ९२ ते ९८ होता, म्हणून लगेच लक्षात आलं. रस्ता मोकळा झाला आणि दोन मिनिटांत ९३. उभी असताना तापते आणि पळताना निवते, तर रेडिएटरला हवा पुरत नाही, म्हणजे आधी पंखा बघायचा. बाजूला घेऊन एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखा फिरायलाच हवा. फिरला नाही. रिले, म्हणजे पंख्याला वीज देणारा स्विच, गेला होता, नखाएवढी वस्तू. हेच उलट असतं, हायवेवर सलग पळताना तापते आणि हळू चालवली की निवते, तर पंखा निर्दोष असतो, थर्मोस्टॅट, आतून साचलेला रेडिएटर किंवा कमी झालेलं कूलंट शोधायचं.

इथे एक सावधगिरी, आणि ही मी ठळक शाईने लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाइप फुटून कूलंट वाहून गेलं तर तो कोरड्या जागेत लटकतो आणि आकडा चक्क खाली येऊ शकतो, इंजिन मात्र आत भाजत असतं. बॉनेटमधून वाफ, गोडसर वास, हीटरमधून अचानक गार हवा, यातलं काहीही जाणवलं तर मोबाइलवरच्या आकड्याकडे बघू नका, गाडी बाजूला घ्या, बंद करा. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, झाकण सैल होताच उकळतं पाणी अंगावर येतं. भाजलेला हात आणि चेहरा घेऊन आलेली माणसं मी ड्रेसिंग टेबलवर पाहिली आहेत.

कोलीग डॉक्टरांच्या गाडीत दिवा लागून राहिला नव्हता, लुकलुकत होता. हा फरक प्रत्येक चालकाला ठाऊक हवा. स्थिर पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा, पण घरी जाता येईल. लुकलुकणारा म्हणजे इंजिन इतकं मिसिंग मारतंय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेत जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं, वेग कमी करा आणि सुरक्षित जागी थांबा. कोड निघाला पी०३०२, दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. इंजिन गार झाल्यावर आम्ही दुसऱ्याची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवली, कोड पुसला, गाडी थोडी चालवली. आता पी०३०३ आला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. कोड दुसऱ्यावरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या वाटेने जावं लागलं असतं. नवी कॉइल बसवून वीस मिनिटांत काम झालं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे तर आमच्यासारखंच आहे." आहेच.

मी गाडीसाठी एक वही ठेवली आहे, वॉर्डातल्या ताप, नाडी, श्वास लिहायच्या टीपीआर चार्टसारखी. महिन्यातून एकदा, गाडी बरी असताना, गार आणि गरम इंजिनावरचे आकडे लिहायचे: उभ्या गाडीतला आरपीएम, कूलंट, दोन्ही ट्रिम (लाँग टर्म आणि त्या क्षणाचा शॉर्ट टर्म), चार्जिंगचे व्होल्ट. पाच मिनिटांचं काम. रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब माहीत नसेल तर आजचा १४० जास्त की त्याच्यासाठी रोजचाच, ते कसं सांगणार? स्कॅनर घेणारे बहुतेक लोक तो दिवा लागल्यावरच लावतात आणि मग आकड्यांकडे बघून त्यांना काही उमगत नाही. गाडी ठणठणीत असताना लावा. माझ्या चौदा महिन्यांच्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडली ती ही वही.

आता ज्याबद्दल हा स्कॅनर बोलत नाही ते. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, स्टिअरिंग, क्लच, इंजिन ऑइलची पातळी. रस्त्यावर जीव ज्यांच्यावर अवलंबून असतो त्यातलं बरंचसं या यादीत आहे. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले तरी माझ्या साध्या अ‍ॅपला ते कोड वाचता येत नाहीत, त्यासाठी त्या त्या कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. 'नो फॉल्ट कोड' असं हिरव्या अक्षरांत येतं तेव्हा गाडी सुरक्षित आहे असा अर्थ कुणी घेऊ नये, आणि अ‍ॅपने ती हिरवी खूण अशी मिरवू नये. ही माझी दुसरी आणि गंभीर तक्रार.

ऑइल डिपस्टिकनेच बघायचं, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. लाल ऑइलचा दिवा पातळी नव्हे, दाब सांगतो, आणि तो चालू गाडीत लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ असं म्हणू नका, तिथल्या तिथे इंजिन बंद करा. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळी येत असेल तर अनेक पॅडना संपत आल्याची खूण म्हणून पत्र्याची जीभ लावलेली असते, ती घासतेय. खरखर ऐकू आली तर पॅड संपून लोखंड डिस्कवर चाललंय. ब्रेक मारतानाच स्टिअरिंग थरथरतं तर डिस्क, ब्रेक न मारता ८० ते १०० च्या वेगात थरथरतं तर सहसा व्हील बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला ओढते तर आधी चारही टायरची हवा बघा आणि मग अलाइनमेंटचं बोला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग त्याचा उत्कलनबिंदू खूप खाली येतो. डॉट ४ प्रकाराचा नव्याचा किमान २३० अंश असतो, ओल धरल्यावर १५५. लांब उतारावर पेडल मऊ पडतं ते यामुळे. साधारण दोन वर्षांनी बदलायचं, मग किलोमीटर कमी झाले असोत की जास्त. वर्षभर माझ्या हातून हेच राहिलं होतं.

टायरची हवा गार टायरवर, चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या आकड्याप्रमाणे. टायरच्या अंगावरचा पीएसआय ही टायरची कमाल मर्यादा असते, भरायचा आकडा नव्हे. अंगावरच्या डॉट कोडच्या शेवटच्या चार आकड्यांतून टायरचं वय कळतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. क्लच घसरतोय का तेवढं मात्र स्कॅनरवर बघता येतं, कोडशिवाय. चढावर वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढतो आणि वेग तिथेच राहतो, दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवले की स्पष्ट दिसतं. अर्थात आलेख बघायला शेजारी दुसरं माणूस हवं. चालवताना मी मोबाइलकडे बघत नाही, अ‍ॅप नोंद करून ठेवतं, घरी आल्यावर वाचते.

कोड पुसायचं बटण पहिल्याच पडद्यावर ठळक लाल रंगात आहे. ते तिथे नसावं. पुसल्यावर कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन गार की गरम, ओझं किती, याची जी टिपण गाडीने ठेवलेली असते ती. शोध घेणाऱ्याला याहून मोलाचं काही नसतं. गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बरंच फिरावं लागतं. मी आधी पडद्याचे फोटो काढते, दुरुस्ती करते, मगच पुसते.

याच गोष्टीचा जुनी गाडी घेताना फार फायदा होतो. भावाने गेल्या वर्षी एक सेकंडहँड गाडी बघितली. दिवा नाही, कोड नाही, विकणारा गोड बोलणारा. मी स्कॅनर लावला तर आठपैकी पाच तपासण्या 'अपूर्ण', आणि 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' या रकान्यात ११ किलोमीटर. आम्ही तिथे येण्याच्या जरा आधीच कुणीतरी दिवा घालवला होता. बॅटरी काढली तरी असं होऊ शकतं, म्हणून मी विचारलं. उत्तर धड मिळालं नाही आणि भावाने ती गाडी सोडली. नव्या पिढीच्या गाड्यांत 'परमनंट' कोड नावाचा प्रकारही असतो, तो यंत्राने पुसला जात नाही, बिघाड खरंच गेला हे गाडीने स्वतः तपासल्यावरच जातो. अ‍ॅपमध्ये तो वेगळ्या टॅबखाली दडलेला आहे, तिथे जाऊन बघा.

आता माझी गाडी दुसऱ्या मिस्त्रींकडे जाते. सुरुवातीला मी स्कॅनर काढला की त्यांचा चेहरा उतरायचा. पहिल्या खेपेला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच ठरवलंय तर सांगा, कुठला पार्ट टाकू?" मी म्हटलं, "दादा, पार्ट तुम्ही ठरवा. मी फक्त लक्षणं सांगते." आणि वहीचं पान पुढे केलं: कधी होतं, गार असताना की गरम, किती वेगात, एसी लावून की बंद, दोन आकडे. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. आता गाडी सोडताना तेच विचारतात, "वही आणली का?" ड्युटी बदलताना आम्ही रुग्ण जसा पुढच्या सिस्टरच्या हाती देतो तशीच गाडी द्यावी, असं मला मनापासून वाटतं. 'पिकअप नाही, बघा जरा' एवढ्यावर कुणीही अंदाजानेच काम करणार.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या लाल बटणासाठी आणि सुट्या भागांच्या यादीसाठी कापला. गाडी वॉरंटीत असेल, दिवा कधी लागला नसेल आणि आकड्यांत रस नसेल, तर घेऊ नका, त्या पैशांत टायरची हवा मोजायचा चांगला गेज आणि मल्टिमीटर घ्या. जुनी गाडी असेल आणि महिन्यातून पाच मिनिटं वही भरायची तयारी असेल, तर जरूर घ्या.

या महिन्याच्या पानावर सगळे आकडे नेहमीचे आहेत: कूलंट ९१, ट्रिम अधिक ३, चार्जिंग १४.१. कोड नाही. पण गेले चार दिवस पहाटे गाडी सुरू केली की दोन सेकंद पट्ट्याची बारीक शीळ येते, ओल असली की जास्त. बॅटरीच्या पानाशेजारी ते लिहून ठेवलंय, आणि शनिवारी ड्युटीवरून परस्पर दादांकडे जाणार आहे.